‘होतालुका’ कुठून येतो? एनव्हीडीएच्या उच्चारकोशाची मराठी परीक्षा

स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, मराठी वाचणाऱ्यांची तक्रार जुनीच आहे: आवाजाचं नाव मराठी, वळण मात्र हिंदी. ‘ज्ञान’चं ग्यान होतं, ‘कृपा’ची क्रिपा होते, आणि चाळीतला ‘च’ चिंचेच्या पहिल्या ‘च’सारखा कडक लागतो. यावर एनव्हीडीएमध्ये एक उपाय आधीपासून आहे. तो म्हणजे स्पीच डिक्शनरी, आपण तिला उच्चारकोश म्हणू. शब्द मुद्दाम चुकीचा लिहून द्यायचा, म्हणजे तो बरोबर ऐकू येतो. उपाय चांगला आहे. पण देवनागरीसाठी त्यात एक मोठा खड्डा आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे बरेच जण चारदोन नोंदी करून नाद सोडतात. हे परीक्षण मुख्यतः त्या खड्ड्यासाठी.

आधी थोडक्यात ओळख. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत, मुक्तस्रोत स्क्रीन रीडर. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी तो सुरू केला. तो स्वतः बोलत नाही, मजकूर गोळा करून आवाजाच्या इंजिनाकडे पाठवतो. सोबत ईस्पीक एनजी हे इंजिन येतं आणि त्यात मराठी आहे. विंडोजमध्ये बसवलेले इतर आवाजही चालतात. उच्चारकोश एनव्हीडीए आणि इंजिन यांच्या मध्ये बसतो. पडद्यावरचा मजकूर तसाच राहतो, फाईलला धक्का लागत नाही, ब्रेल डिस्प्लेवरही मूळ शब्दच उमटतो. बदलतं ते फक्त इंजिनाच्या कानावर पडणारं.

इन्सर्ट आणि एन दाबून मेनू उघडा, प्रेफरन्सेसमध्ये स्पीच डिक्शनरीज. तिथे तीन कोश दिसतात. डीफॉल्ट कोश सगळ्या आवाजांना लागतो, व्हॉइस कोश फक्त चालू आवाजाला, आणि टेम्पररी कोश एनव्हीडीए बंद होईपर्यंतच टिकतो. मराठीच्या नोंदी डीफॉल्टमध्ये टाकणं ही पहिली चूक. हिंदी आवाज लावून हिंदी वाचायला बसलात की तिथेही ‘विद्न्यान’ ऐकू येईल, कारण या कोशाला भाषा कळत नाही. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरच्या डिक्शनरी मॅनेजरमध्ये नोंदीला भाषा जोडता येते. एनव्हीडीएत ती सोय नसल्यामुळे व्हॉइस कोश हाच मार्ग. नवी नोंद मात्र आधी टेम्पररीत करून ऐकावी. बिघडलंच तर एनव्हीडीए पुन्हा सुरू केलं की पाटी कोरी.

नोंदीत पॅटर्न, त्याच्या जागी काय म्हणायचं, हवी तर टिप्पणी, लहान-मोठ्या लिपीचा फरक पाळायचा का याची खूण, आणि प्रकार एवढंच भरायचं असतं. प्रकार नेहमीच्या वापराचे तीन: कुठेही, पूर्ण शब्द, रेग्युलर एक्स्प्रेशन (शब्दाचा साचा खुणांनी सांगण्याची पद्धत). मराठी माणूस साहजिकच ‘पूर्ण शब्द’ निवडतो. तोच खड्डा.

एनव्हीडीए पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ते पायथनच्या नियमाने ठरवतं, आणि त्या नियमात अक्षर म्हणजे स्वर, व्यंजन आणि अंक. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांना तो अक्षर मानतच नाही. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी त्याला शब्दाची वेस दिसते. ‘गुरांना चार’ मधल्या ‘चार’साठी पूर्ण शब्द म्हणून नोंद केली, तर ती ‘चारा’लाही लागते, कारण ‘र’ नंतरचा काना म्हणजे त्याच्या लेखी शब्दाबाहेरची वस्तू. ‘विचार’, ‘सदाचार’, ‘समाचार’ यांनाही लागते, कारण ‘च’च्या आधी वेलांटी किंवा काना आहे. ‘प्रचार’ मात्र वाचतो, त्याच्या ‘च’आधी उघडा ‘र’ आहे. उलटी गंमत मात्रेने संपणाऱ्या शब्दांची. ‘जाळी’ पूर्ण शब्द म्हणून घाला: ‘जाळी’ नुसती आली की नोंद चालत नाही, आणि ‘जाळीत’, ‘जाळीला’ आलं की चालते. ‘माझा’ची नोंद तर जवळजवळ कधीच चालणार नाही. लोक म्हणतात कोश बिघडला आहे. कोश ठीक आहे, त्याला आपली लिपी शिकवलेली नाही.

यावरचा इलाज एका ओळीचा. प्रकार रेग्युलर एक्स्प्रेशन निवडा आणि शब्दाची वेस स्वतः आखा:

(?<![ँ-ॲ])माझा(?![ँ-ॲ])

चंद्रबिंदूपासून ॲ पर्यंतच्या पट्ट्यात मराठीला लागणारी सगळी अक्षरं, मात्रा, अनुस्वार आणि देवनागरी अंक येतात, आणि दोन्ही टोकं मराठी कीबोर्डवर टाइप करता येतात. पहिला कंस सांगतो की आधी देवनागरी काही नको, दुसरा सांगतो की नंतर नको. व्यवहारात दुसरा कंस बहुतेक वेळा गाळलेलाच बरा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. डावी वेस ठेवली आणि उजवी मोकळी सोडली तर एका नोंदीत जळगाव, जळगावला, जळगावहून, जळगावकर सगळे येतात.

आता कुठल्या नोंदी करायच्या? सुरुवात कमी कष्टाच्या तिघींपासून करावी.

‘ज्ञ’ च्या जागी ‘द्न्य’, प्रकार ‘कुठेही’. मात्रा आपोआप पुढे जाते, त्यामुळे ज्ञान, विज्ञान, यज्ञ, कृतज्ञ सगळे एका दमात सुधारतात. दुसरी नोंद ऋकाराची: ‘ृ’ च्या जागी ‘्रु’. पॅटर्नमध्ये फक्त ऋकाराची खूण, बदल्यात हलन्त, र, उकार. व्यंजन आधी असतंच, म्हणून ‘कृपा’ची ‘क्रुपा’ आणि ‘गृह’चं ‘ग्रुह’ जुळून येतं. सुट्या ‘ऋ’साठी ‘रु’ ही वेगळी नोंद. तुमचा आवाज हे आधीच नीट म्हणत असेल तर अर्थात नकोत.

तिसरी नोंद सगळ्यात कामाची आणि थोडी वादाची. केलं, गेलं, असं, मुलं यांच्या शेवटचा अनुस्वार आपण नाकात उच्चारत नाही, शेवटचा अ लांबवतो. काही आवाज मात्र त्याचा ‘म्’ किंवा ‘न्’ करतात. कथा वाचताना दर वाक्याला ‘केलम्’ ऐकून डोकं उठतं. नुसता अनुस्वार काढून टाकला तर ‘केल’ उरतं आणि त्याचा शेवटचा अ गिळला जातो. म्हणून अनुस्वाराच्या जागी एकार द्यायचा:

(?<=[ँ-ॲ][क-ह])ं(?![ँ-ॲ])

बदल्यात फक्त ‘े’. याचा अर्थ: आधी एक देवनागरी खूण, मग उघडं व्यंजन, मग अनुस्वार, आणि पुढे शब्द संपलेला. आधीची खूण मागितली आहे ती ‘हं’ या हुंकारासाठी, नाहीतर त्याचं ‘हे’ होतं. केलंचं केले, असंचं असे, तिथंचं तिथे. लेखनाच्या नियमांनी निवेदनाला एकार आणि संवादातल्या बोलीला अनुस्वार दिलेलाच आहे, आपण ती वाट उलटी चालतो. तोटा उघड आहे: पात्रांच्या तोंडची बोली छापील होते. ‘स्वयं’, ‘एवं’ असे मोजके संस्कृत शब्दही फसतात, त्यांच्या नोंदी हिच्या वर ठेवाव्यात. बातम्या आणि माहितीपर मजकुरासाठी ही नोंद ठेवावी, कादंबरी वाचताना काढावी, असं आमचं मत.

मग येतात च, ज, झ. खरी परीक्षा इथे आहे, कारण मराठीत या अक्षरांचे दोन उच्चार आहेत आणि लिपीत खूण एकच. इ, ई, ए, य यांच्या आधी तालव्य (चिंचेच्या पहिल्या ‘च’सारखा), हे ठरलेलं. चंद्र, जन, चरण असे तत्सम शब्दही तालव्यच. बाकी ठिकाणी सवयीने चालतं. ‘चमचा’त पहिला च तालव्य, दुसरा दंततालव्य (चाळीतल्या ‘च’सारखा). ‘चिंच’चंही तसंच. ‘माझी’ तालव्य, ‘माझा’ नाही. म्हणजे सरसकट नियम करता येत नाही, शब्दवार नोंदी कराव्या लागतात.

बदल्यात काय लिहायचं हे आवाजावर ठरतं. नोटपॅडमध्ये ‘जग ज़ग चार च़ार’ एवढं लिहून ऐका. ‘ज’खालचा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) हिंदीत चालतो, त्यामुळे बहुतेक आवाज तो ओळखण्याची शक्यता जास्त. ‘च’खालचा नुक्ता हिंदीत नाही, तो गाळला जाण्याची शक्यता तितकीच जास्त. फरक ऐकू आला तर प्रश्न मिटला: जळगाव, जालना, जुन्नर, जव्हार यांना नुक्ता द्या आणि पुढे चला. नाही आला तर ‘त्स’ वापरा. ‘चाकण’चं त्साकण, ‘चोपडा’चं त्सोपडा, ‘चूक’चं त्सूक.

‘त्स’ला एक काटा आहे. शब्दाच्या शेवटी जोडाक्षर आलं की त्यातला अ उच्चारायचा, ही मराठीची रीत (शब्द, मित्र, धर्म), आणि चांगला आवाज ती पाळतो. म्हणून ‘पाच’चं ‘पात्स’ केलं की ‘पात्सऽ’ असं लोंबतं. शेवटच्या स चा पाय मोडायचा: ‘पात्स्’. पण पाय मोडलेल्या अक्षरापुढे मात्रा आली तर सगळं कोसळतं, ‘पाचोळा’चं भजं होतं. शिवाय ‘पाचक’ आणि ‘पाचन’ तत्सम, त्यांना हात लावायचा नाही. हे सगळं धरून नोंद अशी होते:

(?<![ँ-ॲ])पाच(?![ा-ौकन])

बदल्यात ‘पात्स्’. पाच, पाचशे, पाचवा, पाचजण नीट येतात. पाचोळ्यासाठी वेगळी नोंद ‘पात्सो’ची. ‘पाचकळ’ मात्र ‘क’च्या नादात जुन्याच उच्चारात राहतो. एवढ्या एका शब्दासाठी तिसरी नोंद करायची की पाचकळपणा सहन करायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एकाच लिखाणाचे दोन शब्द असतील तर संदर्भ पाहावा लागतो. ‘जात’ हे त्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण: समाजातली जात तालव्य, ‘जाणे’ मधली जात नाही. पुढच्या शब्दावरून ओळखता येतं:

(?<![ँ-ॲ])जात(?= (आहे|नाही|होत|अस))

बदल्यात ‘ज़ात’. ‘जी जात नाही ती जात’ हे वाक्य या नोंदीतून बरोबर बाहेर पडतं, पहिला ज मऊ, दुसरा कडक. पण ‘माणसाला जात नाही’ या वाक्यात ती हमखास चुकते. दोनपैकी कोणतं वाक्य तुमच्या वाचनात जास्त येतं ते पाहा. ‘जातो’ आणि ‘जातात’ यांना मात्र डोळे मिटून नुक्ता द्यावा, ‘जाती’ला देऊ नये. ‘जग’ (दुनिया आणि जगण्याची आज्ञा) किंवा ‘जरा’ (थोडं आणि म्हातारपण) अशा जोड्यांत जो अर्थ जास्त येतो त्याच्या बाजूने कौल द्यावा. म्हातारपणाची ‘जरा’ वर्षातून कितीदा वाचाल?

मधला अ गिळण्याचा प्रश्न एका दिशेने सोपा आहे, दुसऱ्या दिशेने नाही. आवाज ‘राजकारण’ला ‘राजअकारण’ म्हणत असेल तर ‘राज्कारण’ लिहून द्या, काम झालं. जोडाक्षराने उच्चार बिघडला तर दोन शब्द करा: ‘राज कारण’. मध्ये किंचित थांबेल, पण कळेल. उलट, आवाज अ खात असेल आणि तो हवा असेल तर देवनागरीत त्यासाठी खूणच नाही. अवग्रह काही आवाज सोडून देतात, आणि आ लिहिला तर लांब होतो. अशा शब्दांमागे वेळ घालवू नये.

संक्षेपांनी मात्र करमणूक भरपूर होते. ‘ता.’ म्हणजे तालुका, अशी साधी नोंद ‘कुठेही’ प्रकारात केली की ‘तो गावी होता.’ हे वाक्य ‘तो गावी होतालुका’ असं ऐकू येतं. ‘रु.’चं रुपये केलं की वाक्याच्या शेवटचे ‘गुरु.’ ‘गुरुपये’ होतात. डावी वेस इथे अनिवार्य:

(?<![ँ-ॲ])ता\.

टिंबाआधीची तिरपी रेघ विसरू नये. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये नुसतं टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’, मग ‘ताप’चंही तालुका होतं. आणि ‘ता.’ म्हणजे तारीखही असते, म्हणून आधी ही नोंद:

(?<![ँ-ॲ])ता\.(?= ?[०-९])

बदल्यात ‘तारीख’. मजकुरात इंग्रजी अंक येत असतील तर तेही चौकटी कंसात घाला. ही नोंद तालुक्याच्या वर असलीच पाहिजे. कोशातल्या नोंदी वरून खाली एकापाठोपाठ चालतात, आणि पहिलीने बदललेला मजकूरच दुसरीच्या हाती पडतो. तालुका आधी आला तर तारखेला काही उरत नाही. ‘मु.पो.’, ‘जि.’, ‘उदा.’, ‘कि.मी.’ हे त्याच साच्यात. रुपयाचं चिन्ह वगैरेंसाठी हा कोश वापरू नये, चिन्हांच्या उच्चारांची वेगळी खिडकी प्रेफरन्सेसमध्येच आहे.

नोंद बरोबर असून चालत नाही, असं झालं तर संशय संकेतांकावर घ्यावा. दिसायला सारखी अक्षरं आत वेगळी असतात. ‘ॲ’चं स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, २००९ च्या शासननिर्णयाने ते मराठी वर्णमालेतही घेतलं. त्याआधीचा आणि नंतरचाही पुष्कळ मजकूर ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे, आणि काही ठिकाणी हिंदीचा ‘ऍ’. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ मधला चंद्रकोरीसारखा र दोन पद्धतींनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. आपली नोंद एका पद्धतीची, बातमी दुसऱ्या पद्धतीची, की गाठ पडत नाही. म्हणून कोशाच्या अगदी वर दोनतीन ‘सफाई’च्या नोंदी ठेवाव्या: ‘अॅ’ला ‘ॲ’, अदृश्य चिन्हाच्या ‘र्‍’ला ‘ऱ्’. अदृश्य चिन्ह टाइप करण्याच्या भानगडीत न पडता त्या बातमीतूनच कॉपी करून पॅटर्नमध्ये चिकटवावं.

क्रम लावायला मूळ फाईल उघडणं सगळ्यात सोपं. एनव्हीडीएच्या युजर कॉन्फिगरेशन फोल्डरमध्ये स्पीचडिक्ट्स नावाचा फोल्डर असतो, कोश तिथे साध्या मजकुराच्या फाईलमध्ये साठवलेले असतात. प्रत्येक ओळीत चार रकाने, मध्ये टॅब: पॅटर्न, बदल, लहान-मोठ्या लिपीचा ० किंवा १, आणि प्रकार. प्रकारात ० म्हणजे कुठेही, १ म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, २ म्हणजे पूर्ण शब्द. टॅबच्या जागी स्पेस पडली तर ती ओळ गेली. फाईल यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणपद्धतीतच जतन करावी. हाच फोल्डर कॉपी करून ठेवला की संगणक बदलला तरी कोश सोबत येतो. एकाने केलेला कोश दुसऱ्याला देताही येतो, फक्त दोघांचा आवाज एकच हवा.

काही गोष्टींच्या मागे लागू नये. ‘संशय’, ‘संसार’, ‘सिंह’ मधला अनुस्वार आपण वकाराकडे झुकवतो. तो लिहून आणायला गेलं तर ‘सौंशय’, ‘संवसार’ असली सोंगं करावी लागतात, आणि मूळ उच्चारानेही अर्थ कळतोच. शब्दांच्या नोंदी शेकड्यात गेल्या की कोणती नोंद कोणाला पाडते हे शोधण्यात संध्याकाळ जाते. चाळीसपन्नास नोंदी, त्यातल्या निम्म्या आपल्या जिल्ह्याची गावं आणि रोज येणारी नावं, एवढा कोश पुरतो.

ज्यांना मुळातून दुरुस्ती हवी त्यांच्यासाठी ईस्पीक एनजीच्या मराठी शब्दयादीची फाईल खुली आहे. तिथे शब्दापुढे थेट ध्वनी लिहिता येतात, वेशीचा घोळ नाही, पण ध्वनींची लिपी शिकावी लागते आणि यादी पुन्हा बांधून घ्यावी लागते.

मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्यांनी मात्र हा कोश जपून वापरावा. ‘क्रुपा’ असं चुकीचं लिहिलेलं आणि ‘कृपा’ असं बरोबर लिहिलेलं दोन्ही एकच ऐकू येणार, आणि केलं-केले मधला फरक तर पुरताच पुसला जाणार. त्यांनी ब्रेल डिस्प्लेवर भर द्यावा, किंवा त्याच इंजिनाचा दुसरा एखादा आवाज कोश रिकामा ठेवून शोधनासाठी राखून ठेवावा. व्हॉइस कोश आवाजाला बांधलेला असल्याचा इथे फायदाच होतो: आवाज बदलला की सगळ्या नोंदी बाजूला.